पोवळ्याच्या गावाला जाऊन आलो : स्पेनचे लेस्तार्तित

तुमच्या घरात, आईच्या किंवा आजीच्या दागिन्यांच्या डब्यात, पोवळ्याची एखादी अंगठी असेलच. कुणाच्या पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून केलेली, कुणी हौसेने घेतलेली. ते लाल पोवळे आले कुठून, हे आपण सहसा विचारत नाही. मीही कधी विचारले नव्हते. गेल्या सप्टेंबरमध्ये स्पेनच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात, समुद्राच्या पृष्ठभागापासून 17 मीटर खाली, त्याचे उत्तर समोर दिसले.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. मी पंचविशीत आहे, लग्न ठरलेले नाही आणि पत्रिकेत मंगळ आहे. आमच्या घरात हे तीन विषय नेहमी एकत्रच निघतात. आजीची बडोद्याला घेतलेली पोवळ्याची अंगठी आईच्या बोटात असते. माझ्यासाठी नवीन करायची म्हणून आईने वेगळे पैसेही बाजूला ठेवले होते. मी दोन वर्षांपूर्वी अंदमानला जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकले. तेव्हापासून भूमध्य समुद्रात एकदा उतरायचे, असे मनात होते. आई म्हणाली, ''एकटी नको जाऊस, मी येते.'' आईला पोहता येत नाही. त्यामुळे मला असे गाव हवे होते, जिथे माझे डायव्हिंग होईल आणि आईला दिवसभर माझी वाट बघत बसावे लागणार नाही. शोधता शोधता लेस्तार्तित सापडले.

गाव कसे आहे?

लेस्तार्तित हे ईशान्य स्पेनमधल्या कातालुन्यात, कोस्ता ब्रावा नावाच्या किनारपट्टीवर आहे. एकेकाळी ही कोळ्यांची वस्ती होती. आज गाव पर्यटनावर चालते, पण इथे बार्सिलोनासारखी रेटारेटी नाही. बंदर, बंदरामागे उभी चुनखडीची टेकडी, एक मुख्य रस्ता, त्यावर बेकऱ्या, आइस्क्रीमची दुकाने आणि डायव्हिंग सेंटर्स. बंदरापासून दक्षिणेला तेर नदीच्या मुखाकडे लांबच लांब वाळूचा किनारा जातो. पाणी बऱ्याच अंतरापर्यंत उथळ असल्याने लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबे इथे निवांत दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये गाव भरून जाते. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्या की उरतात ते आजी-आजोबा, सायकलवाले आणि आमच्यासारखे डायव्हर.

पहिल्याच सकाळी आई बेकरीत 'बोन दिया' म्हणजे कातालान भाषेतला 'सुप्रभात' शिकली आणि रात्री जेवतानाही तेच म्हणत राहिली. कुणी हसले नाही, उलट सगळ्यांनी तिला तसेच उत्तर दिले.

किनाऱ्यावर उभे राहिलात की समोर, जेमतेम एक किलोमीटरवर, पांढुरके खडक पाण्यातून वर आलेले दिसतात. हीच मेडेस बेटे. एकूण सात. त्यातल्या सर्वांत मोठ्या बेटावर दीपस्तंभ आहे, पण माणसांची वस्ती कुठल्याच बेटावर नाही. पर्यटकांना बेटांवर उतरण्याची परवानगीही नाही. तिथे राज्य समुद्रपक्ष्यांचे, विशेषतः पिवळ्या पायांच्या कुरवांचे. गावामागची मोंग्री टेकडी आणि ही बेटे एकाच चुनखडीची. टेकडी समुद्रात बुडते आणि तिची शेवटची टोके पुन्हा वर येतात, असे समजा. चुनखडी असल्याने पाण्याखाली गुहा, कपारी आणि बोगदे भरपूर आहेत. लेस्तार्तितला डायव्हर येतात ते या गुहांसाठी आणि त्यातल्या जिवांसाठी.

आईची बोट

तुमच्या घरात कुणाला पाण्याची भीती वाटत असेल, तर हा भाग त्यांच्यासाठी. बंदरातून अशा बोटी सुटतात, ज्यांच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, काचेच्या खिडक्या असतात. बोट आधी उत्तरेकडच्या कड्यांच्या कडेने जाते, मग बेटांजवळ थांबते आणि सगळे प्रवासी खाली खिडक्यांपाशी जाऊन बसतात. कड्यांच्या बाजूला 'रोका फोरादादा' नावाचा खडक आहे. त्याला आरपार नैसर्गिक बोगदा पडला आहे आणि समुद्र शांत असेल तर बोटी त्यातून पलीकडे जातात.

आई आधी नकोच म्हणत होती. ''काचेला काही झालं तर?'' हा तिचा प्रश्न होता. तिकीट काढूनही ती वरच्या डेकवर कठडा धरून बसली. पण खालून लहान मुलांचा आरडाओरडा ऐकू आला, तशी उठली. दहा मिनिटांनी मी खाली गेले तर ती एका डच मुलीच्या शेजारी काचेला नाक लावून बसली होती. चंदेरी माशांचा थवा खिडकीसमोरून वळत होता. ''अगं, हे पळत का नाहीत?'' ती म्हणाली.

प्रश्न बरोबर होता. मासे पळत नव्हते, कारण गेल्या चाळीसहून अधिक वर्षांत इथे त्यांना कुणी धरलेले नाही.

मासे परत कसे आले?

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर डायव्हिंगची साधने सहज मिळू लागली, तशी मेडेस बेटांभोवती भाल्याने मासे मारणाऱ्यांची आणि पोवळी तोडणाऱ्यांची गर्दी झाली. मोठे मासे संपत चालले. मग 1983 मध्ये कातालुन्याच्या सरकारने बेटांभोवतीच्या पाण्यात मासेमारी आणि समुद्रातले काहीही काढणे यावर बंदी घातली. 1990 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. 2010 मध्ये मोंग्री टेकडी, मेडेस बेटे आणि तेर नदीच्या मुखाजवळचा सखल भाग मिळून एक निसर्ग उद्यान जाहीर झाले.

या बंदीचा सर्वांत ठळक लाभार्थी म्हणजे मेरो, म्हणजेच ग्रूपर. आपल्याकडे कोकणात याच्या भावंडांना हेकरू म्हणतात. भूमध्य समुद्रातला मेरो मीटरभर लांब वाढू शकतो आणि कित्येक दशके जगतो. त्याची गंमत अशी की तो आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतो. वय आणि आकार वाढल्यावर त्यातल्या काहींचे नर होतात. आता विचार करा, भाला घेऊन आलेला माणूस कोणता मासा निवडेल? सर्वांत मोठाच. म्हणजे तो नेमका नर मारतो आणि मागे उरलेल्या माद्यांना जोडीदारच राहत नाही. अशा जातीला परत यायला नुसती बंदी पुरत नाही. लहान मासे मोठे होईपर्यंत ती बंदी टिकवावी लागते, आणि त्याला वर्षे लागतात. मेडेसला ती वर्षे मिळाली.

बंदी आली म्हणजे गावाचे पोट बंद झाले, असेही झाले नाही. आज जिवंत माशांना बघायला जगभरातून माणसे येतात. डायव्हिंगवरही मर्यादा आहेत. दिवसाला ठरावीक संख्येनेच डायव्हर उतरू शकतात, त्यासाठी शुल्क असते आणि बोटींना नांगर टाकता येत नाही. आधीच बसवलेल्या बोयांना दोर बांधावा लागतो. नांगर तळावर घासला की काय होते, हे मला पाण्यात उतरल्यावर कळले.

17 मीटर खाली

तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि माझी बोट निघाली. बंदरापासून बेटांपर्यंत दहा-पंधरा मिनिटे. अंदमानला मी पातळ सूट घालून उतरले होते. इथे जाड सूट, डोक्याला टोपी आणि कमरेला जास्त वजन. वरचे पाणी उबदार होते. पण साधारण 12 मीटरवर कुणीतरी फ्रीजचे दार उघडावे तसा गारवा लागला. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात वरचा उबदार थर आणि खालचा थंड थर असे वेगळे राहतात. एका हाताच्या अंतरात फरक जाणवतो. मनाची तयारी नसेल तर श्वास अडकतो. माझाही अडकला. गाइडने हाताने 'हळू, हळू' अशी खूण केली आणि माझा श्वास पुन्हा जागेवर येईपर्यंत ती माझ्यासमोर थांबली.

सगळ्यात आधी दिसले ते गवताचे कुरण. पोसिडोनिया असे त्याचे नाव. लोक त्याला शेवाळ समजतात, पण ही खरी वनस्पती आहे, तिला मुळे असतात आणि फुलेही येतात. माशांची पिल्ले याच्यातच वाढतात. नांगर घासला की हेच कुरण उपटले जाते आणि ते फार हळू वाढत असल्याने पुन्हा भरून यायला अनेक दशके लागतात.

मग कड्याच्या कडेला एक मेरो आला. आला म्हणजे खरोखरच आला, आम्ही त्याच्याकडे गेलो नाही. जाड ओठ, तपकिरी अंगावर फिकट डाग, आणि घरात नवीन पाहुणे आल्यावर आजोबा बघतात तशी नजर. जरा वेळ आम्हाला न्याहाळून तो आपल्या कपारीकडे वळला. पुढे खडकावर जांभळ्या-लाल रंगाचे गोर्गोनियाचे पंखे होते. दिसायला झुडपे, पण ते हजारो सूक्ष्म प्राण्यांचे एकत्र घर असते.

शेवटी गाइड एका पुढे आलेल्या खडकाखाली थांबली. मला तिथे काळपट काड्यांसारखे काहीतरी दिसत होते. खोल पाण्यात लाल रंग आधी नाहीसा होतो, त्यामुळे लाल वस्तू काळी-निळी दिसते. तिने टॉर्च लावला आणि त्या काड्या एकदम लाल झाल्या. आईच्या बोटातल्या अंगठीचा तोच लाल रंग. फांद्यांवर पांढऱ्या चांदण्यांसारखे काही उघडलेले होते, प्रत्येकाला आठ नाजूक पाकळ्या. ते पोवळ्याचे जिवंत प्राणी, पाण्यातून अन्न टिपत होते. गाइडने हात छातीशी धरून मला दाखवले: हात लावायचा नाही. मी तशीही हलायला तयार नव्हते.

आपण ज्याला रत्न म्हणतो, तो या प्राण्यांनी मिळून बांधलेला सांगाडा. आणि हे बांधकाम अतिशय सावकाश चालते. खोडाची जाडी वर्षाला अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. अंगठीत बसवण्याइतके जाड पोवळे व्हायला काही दशके लागतात.

आपले आणि पोवळ्याचे जुने नाते

भारताचे आणि भूमध्य समुद्रातल्या पोवळ्याचे नाते जवळजवळ दोन हजार वर्षांचे आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात, आजच्या भरूचला आणि केरळच्या मुझिरिस बंदराला येणाऱ्या मालात पोवळ्याचा उल्लेख आहे. त्याच शतकातल्या रोमन लेखक प्लिनीनेही नोंदवले आहे की, रोमन लोकांना भारतीय मोत्यांचे जितके अप्रूप तितकेच भारतीयांना पोवळ्याचे. थोडक्यात, आपल्या नवरत्नांतले हे रत्न बऱ्याच अंशी याच समुद्रातून येत राहिले.

मागणी राहिली, पण पोवळी कमी होत गेली. शेवटी 2017 मध्ये कातालुन्याच्या सरकारने कोस्ता ब्रावाच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यातही पोवळी काढण्यावर दहा वर्षांची बंदी घातली.

मात्र बंदीने सगळे सुटत नाही. लेस्तार्तितमध्ये जोसेप पास्कुआल नावाचे हवामान निरीक्षक आहेत. 1974 पासून ते आठवड्यातून अनेकदा बोट घेऊन समुद्रात जाऊन पृष्ठभागापासून 80 मीटर खोलीपर्यंतच्या पाण्याचे तापमान मोजत आले आहेत. भूमध्य समुद्रातल्या सर्वांत दीर्घ अखंड नोंदींपैकी ही एक. या काळात पृष्ठभागाचे पाणी एक अंशाहून अधिक तापले आहे, असे त्यांच्या आकड्यांतून दिसते. एक अंश म्हणजे आपल्याला काहीच नाही. पण 2003 आणि 2022 सारख्या कडक उन्हाळ्यांत पश्चिम भूमध्य समुद्रात गोर्गोनिया मोठ्या प्रमाणावर मेल्या. भाला आणि हातोडी अडवता येते, गरम पाणी बेटांच्या सीमेवर थांबत नाही. त्या दिवशी वर येताना मला काही पंख्यांच्या फांद्या उघड्या, करड्या दिसल्या होत्या. त्यांचा अर्थ मला नंतर कळला.

जमिनीवरही पाहा

डायव्हिंग करायचे नसेल तरी चार दिवस सहज जातात. मोंग्री टेकडीवर, सुमारे 300 मीटर उंचीवर, चौकोनी किल्ला आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतला आणि 1301 मध्ये काम थांबले ते कायमचेच. आत रिकामे अंगण, पण तटावरून एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला बेटे दिसतात. चढ खडकाळ आहे, सकाळीच जा. आई गडकोट चढलेली असल्याने माझ्या आधी वर पोहोचली आणि ''इथे तर पाणीही विकत मिळत नाही'' असा शेरा मारून मोकळी झाली. पाणी सोबत घेऊन जा.

गावाच्या दक्षिणेला ला प्लेतेरा ही जागा मात्र चुकवू नका. इथे किनाऱ्यालगत घरांची वसाहत उभी करायचे काम सुरू झाले होते, ते अर्धवट राहिले. रस्ते, पदपथ तसेच पडून होते. 2014 ते 2018 या काळात ते उखडून काढले गेले आणि जागा पुन्हा खाऱ्या पाणथळीला देण्यात आली. आज तिथल्या तळ्यांत फार्तेत नावाचा दुर्मीळ छोटा मासा राहतो. बांधलेले उखडून समुद्राला परत दिले, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

खाणेपिणे

मासे खाणाऱ्यांसाठी 'सुकेत' हा माशांचा रस्सा आहे, पूर्वी कोळी बोटीवरच करायचे असा. जवळच्या पाल्स गावचा तांदूळ प्रसिद्ध आहे आणि त्याचे माशांबरोबर शिजवलेले भाताचे प्रकार सगळीकडे मिळतात. शाकाहारी असाल तर 'पा आम्ब तुमाकेत' मागा. भाजलेल्या पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल आणि मीठ, इतकेच. 'एस्कालिवादा' म्हणजे भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची, वर तेल. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, ''भरीतच आहे, फोडणी द्यायची राहिली.'' लक्षात ठेवा, दुपारी चारनंतर बरीच स्वयंपाकघरे बंद होतात आणि रात्रीचे जेवण आठनंतरच मिळते. पिशवीत खाकरे, चिवडा असू द्या.

जाण्यापूर्वी

* स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज वेळेत करा.
* लेस्तार्तितला रेल्वे नाही. बार्सिलोनाहून वेगवान गाडीने जिरोना सुमारे 40 मिनिटांत येते, तिथून पुढे बस किंवा टॅक्सी.
* मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. हिवाळ्यात पाणी 13 अंशांच्या आसपास उतरते.
* उत्तरेकडून येणारा 'त्रामुंताना' वारा सुटला की बोटी बंद. हातात एक-दोन दिवस जास्तीचे ठेवा.
* डायव्हिंगसाठी प्रमाणपत्र, विमा आणि वैद्यकीय दाखला लागू शकतो. सेंटरला आधीच विचारा. नवशिक्यांसाठी प्रशिक्षकासोबतचे उथळ डाइव्ह असतात.
* शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 ते 24 तास विमानात बसू नका.

शेवटच्या संध्याकाळी

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघी किनाऱ्यावर बसलो होतो. एका दुकानाच्या काचेत पोवळ्याची माळ होती आणि आई जाता-येता तिथे दोनदा थांबली होती. ''तू पाहिलंस ते कसं होतं?'' तिने विचारले. मी करंगळी पुढे केली. एवढे जाड, वर पांढरी फुले उघडलेली. ''आणि एवढं व्हायला किती वर्षं?'' मी सांगितले, वीस, तीस, कदाचित जास्त.

आईने जरा हिशेब केला. ''म्हणजे तुझ्यापेक्षा मोठं.''

मंगळाला पोवळे घातल्याने काय होते, यावर आमचे पूर्वी बरेच वाद झाले आहेत. त्या दिवशी झाला नाही. आईने बोटातली आजीची अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवली. ''ही घाल, नाहीतर ठेवून दे. पण नवीन नको घ्यायला.''

अंगठी माझ्या डाइव्हच्या नोंदवहीसोबत कपाटात आहे. नव्या अंगठीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून आईने आणखी एक बेत केला आहे: तिला पोहायला शिकायचे आहे. आमच्या घराजवळच्या तलावावर सकाळी सहाची महिलांची बॅच आहे, आणि ती आजपर्यंत एकदाही चुकवलेली नाही.